एका तबकडीची त्रेसष्ट वर्षे

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या तेरखेड्याच्या रस्त्याला निराळीच कळा चढते. सोलापूरकडून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव. एरवी येरमाळ्याच्या येडेश्वरीचे नाव घेतल्याशिवाय परगावच्या माणसाला त्याचा पत्ता सांगता येत नाही. पण या दिवसांत मोटारी आपण होऊन थांबतात, कारण तेरखेडा म्हणजे फटाके. भुईनळे, भुईचक्रे, सुतळी बॉम्ब, आकाशात जाऊन फुटणारे बाण, शोभेच्या दारूचा जो जो म्हणून प्रकार आहे तो येथे मिळतो. लोक कौतुकाने गावाला मराठवाड्याची शिवकाशी म्हणतात, आणि आम्ही गावकरी ते नाव विनयाने नाकारीत नाही.

यंदा मी नातवंडांसाठी बाण घ्यावयास गेलो होतो. दुकानात मालकाचा मुलगा बापाचा डबा घेऊन आलेला, असेल दहा-अकरा वर्षांचा. बाप गिऱ्हाइकाशी बोलण्यात गुंतलेला आणि पोराच्या हातातल्या मोबाइलवर एक गाणे चाललेले. सूर कानी पडताच मी थबकलो. ते होते ‘जय जय महाराष्ट्र माझा’.

“कोणतं गाणं रे हे?” मी आपले उगाच विचारले.

“आजोबा, ह्ये तर शाळेतलं गाणं हाय. रोज म्हनतो आमी.”

“आणि लिहिलं कुणी?”

पोराने माझ्याकडे असे पाहिले, की एवढे मोठे झाले तरी यांना इतकेही ठाऊक नाही!

“सरकारनं!”

बापाने ओशाळून त्याला दटावले. पण खरे सांगायचे तर पोराचे काय चुकले? त्याच्या जन्मानंतर ते गाणे सरकारी झाले. फळ्यावर लिहून पाठ करून घेतले गेले. ज्या गाण्याला सगळे उभे राहतात ते गाणे कुणा एका माणसाने एखाद्या दुपारी कागदावर लिहिले असेल, दुसऱ्याने पेटीवर त्याची चाल बसवली असेल, तिसऱ्याने घसा साफ करून ते ध्वनिमुद्रकापुढे म्हटले असेल, हे त्या वयात सुचत नाही. तेव्हा त्या पोरासाठी, आणि फराळाचे ताट शेजारी ठेवून हा अंक चाळणाऱ्या घरच्या मंडळींसाठी, या गाण्याची हकिकत सांगावी असे मनात आले.

वर्ष १९६०. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. या मुहूर्तावर हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने, म्हणजे कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याच्या चित्राच्या त्या कंपनीने, महाराष्ट्राच्या गौरवाचे हे गाणे ध्वनिमुद्रित केले. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे आणि आवाज शाहीर साबळे यांचा. जन्मकथा म्हणून पाहिली तर ती एवढीच. पण ही तीन माणसे कुठून कुठून आली होती ते पाहिले म्हणजे नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो.

राजा नीळकंठ बढे हे १९१२ साली नागपुरात जन्मले. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होते. तो मान सोडून मुंबईच्या राज्यात यावयाचे की वेगळा विदर्भ मागावयाचा, यावर तिकडे केवढे वादळ होते ते जुन्या लोकांना आठवत असेल. त्या नागपूरच्या कवीने एकत्र महाराष्ट्राचे गाणे लिहिले. श्रीनिवास खळे जन्माने मुंबईचे, १९२६ सालचे, पण त्यांचे बालपण आणि संगीताचे शिक्षण बडोद्याचे. सयाजीरावांच्या त्या नगरीत मराठी संस्कृती खोलवर रुजलेली. आणि नेमक्या त्याच १ मे रोजी बडोदे गुजरातच्या वाट्याला गेले. तिसरे कृष्णराव गणपतराव साबळे. सातारा जिल्ह्यात वाईजवळचे पसरणी हे त्यांचे गाव, जन्म १९२३ चा. शिकायला ते आजोळी खानदेशात अमळनेरला गेले आणि तेथे साने गुरुजींच्या सहवासात आले. पुढे मुंबईत गिरणीत नोकरी केली, आणि डफावर थाप मारीत शाहीर झाले.

म्हणजे पाहा, विदर्भ, बडोदे, सातारा, खानदेश, मुंबई. या तिघांत आमच्या मराठवाड्याचा मात्र कोणीच नव्हता. लहानपणी हे मला सलत असे असे म्हणालो तर ते खोटे होईल. लहानपणी मला या तिघांची नावेही ठाऊक नव्हती. पण पुढे वाचू लागल्यावर वाटले, की या गाण्यात आपण कुठे आहोत? त्याचे उत्तर मला बऱ्याच उशिरा मिळाले. ते मी सांगणार आहे, पण त्याआधी आमच्या घरची थोडी गोष्ट सांगितली पाहिजे.

माझ्या वडिलांनी घर न बदलता चार राज्ये पाहिली. जन्म निजामाच्या मुलखात. शाळा उर्दूतून. आमच्या जिल्ह्याला उस्मानाबाद हे नावच मुळी शेवटच्या निजामावरून, मीर उस्मान अली खानावरून पडलेले होते. आता ते पुन्हा धाराशिव झाले आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची सत्ता संपली आणि हैदराबाद हे भारतातले एक राज्य झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. वडील म्हणत, “आम्ही जागचे हाललो नाही, राज्येच येऊन गेली.”

या मुलखात गाणे म्हणणे ही साधी गोष्ट नव्हती. १९३८ साली औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात आणि मग हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणावयाचा हट्ट धरला. संस्थानी अधिकाऱ्यांनी ते बंद करा म्हणून फर्मावले, पोरे ऐकेनात, तेव्हा शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. वर्ष बुडाले, शिक्षण संपले, अशी वेळ आली. त्यांना दार उघडले ते नागपूर विद्यापीठाने. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या विद्यार्थ्यांपैकीच एक. गाण्यापायी घरदार सोडून मराठवाड्यातली आणि तेलंगणातली पोरे ज्या नागपूरला गेली, त्याच नागपूरच्या कवीचे गाणे बावीस वर्षांनी आमच्या गावी आले, आणि ते मात्र कोणी बंद करा म्हणाले नाही. उलट आणखी मोठ्याने लावा म्हणाले.

मी तेव्हा दहा वर्षांचा. आमच्या घरी ग्रामोफोन नव्हता. तो होता लाऊडस्पीकरवाल्याकडे. लग्नसराईत झाडावर कर्णा बांधून तो तबकड्या लावी. काळी, जड, लाखेची तबकडी. हातातून पडली की खापरासारखी फुटे. त्या काळी बाजारात मुख्यतः मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या होत्या आणि त्यांच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटांपेक्षा जास्त गाणे मावत नसे. आपल्या भावगीतांची लांबी आणि घडण या तीन मिनिटांनीच ठरवली, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. सारी रात्र पोवाडा गाणाऱ्या शाहिराला सांगायचे, की तुझे सगळे म्हणणे तीन मिनिटांत म्हण! साबळ्यांनी ते केले. रणात उभे राहून घातलेल्या सादेसारखी पहिली आरोळी, मग कडवे, कडव्याच्या शेवटी पुन्हा जयघोष. लिंबाच्या झाडावरचा तो कर्णा करकरत असे, सुई बोथटलेली असे, शब्द अर्धे कळत. पण जयघोषाशी आले की मांडवातली पोरे ओरडून साथ देत. अर्धे कळलेले शब्द आम्ही आपल्या मनाने पुरे करून घेतले होते. ते येथे सांगत नाही. वय झाले तरी लाज वाटते.

साबळ्यांच्या गळ्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. शाहिराचा गळा ध्वनिक्षेपकासाठी घडलेला नसतो. जत्रेतल्या शेवटच्या माणसापर्यंत, तोही घोंगडी पांघरून पेंगत असला तरी, आवाज पोचला पाहिजे, या गरजेतून तो घडतो. उंच पट्टीत, मोकळा, शब्दाचे शेवटचे अक्षर हवेत सोडून देणारा. भावगीताच्या गायकाने हेच गाणे म्हटले असते तर ते गोड झाले असते. आणि गोड झाले असते तर संपले असते. खळ्यांचे मोठेपण असे, की ते स्वतः अत्यंत नाजूक चालींचे संगीतकार. १९५२ साली त्यांची जी पहिली तबकडी निघाली तिच्यावर आशा भोसले यांच्या आवाजात ‘गोरी गोरी पान’ आणि ‘एका तळ्यात होती’ ही माडगूळकरांची गाणी होती. घराघरांत अजून पाळण्याशी म्हटली जातात ती हीच. पुढे लता मंगेशकर आणि भीमसेन जोशी यांच्याकडून त्यांनी अभंग गाऊन घेतले. बढ्यांच्याच शब्दांवर त्यांनी सुलोचना चव्हाण यांच्यासाठी ‘कळीदार कपूरी पान’ ही लावणी बांधली. असा माणूस शाहिरासाठी चाल करतो तेव्हा आपली कलाकुसर बाजूला ठेवतो. दहा वर्षांच्या पोराला एकदा ऐकून म्हणता यावी इतकी ती चाल सोपी आहे. ज्याने कधी चाल बांधावयाचा प्रयत्न केला असेल त्यालाच कळेल, की असे सोपे करणे किती अवघड असते.

त्या आधीची दहा वर्षे शाहिरांचीच होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसे गोळ्यांना बळी पडली आणि त्या लढ्याचा आवाज होता अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांच्या डफ-तुणतुण्यांचा. अमर शेख तर आमच्या शेजारच्या बार्शीचे. अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत गावी राहिलेल्या बायकोची आठवण आणि महाराष्ट्रापासून तुटलेल्या मुलखाची हुरहूर एकमेकींत अशी मिसळली आहे, की ती ऐकताना घसा दाटतो. काव्य म्हणून तुलना करावयाची झाली तर मी अण्णा भाऊंच्या बाजूने कौल देईन. तिच्यात नाही मिळालेल्याचे दुःख आहे, आणि दुःखाला नेहमीच खोली जास्त. ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे मिळाल्यानंतरचे गाणे आहे. त्यात भांडण नाही, मागणी नाही, गर्जना आहे. पण म्हणूनच ते भांडण संपल्यावरही म्हणता आले. ज्यांनी द्वैभाषिकाची बाजू घेतली होती त्यांनाही, ज्यांनी तुरुंग पाहिला त्यांनाही.

आता आमचे पाणी कुठे आहे ते पाहू. गाण्यात कवी नद्यांची नावे घेतो. रेवा म्हणजे नर्मदा, ती आपल्या राज्याला वर नंदुरबारकडे जेमतेम शिवून जाते. वरदा म्हणजे वऱ्हाडची वर्धा. नागपूरचा कवी तिला विसरेल कसा? मग कृष्णा, कोयना, भद्रा आणि गोदावरी. यातील भद्रा ही नदी की गोदावरीचे विशेषण, यावर पंडितांनी दिवाळीच्या सुट्टीत खुशाल वाद घालावा. या सगळ्या नद्यांचे पाणी कवी मातीच्या घागरीत एकत्र आणून ओततो, आणि पुढे भीमेकाठच्या घोड्यांना थेट यमुनेवर नेतो.

आमचा जिल्हा बालाघाटाच्या पाठीवर वसलेला. पाठीच्या एका अंगाला पडलेला पाऊस सीनेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला जातो. दुसऱ्या अंगाला पडलेला पाऊस तेरणेत उतरतो. ती तेरणा आमच्याच भागातल्या डोंगरांत उगम पावते, पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा तेलंगणात जाऊन गोदावरीला. म्हणजे एकाच पावसाचे एक थेंब कृष्णेच्या घरी आणि दुसरा गोदावरीच्या. बढ्यांच्या घागरीत आमचे पाणी दोन बाजूंनी आले आहे!

आणि घागर म्हटली की आम्हा लोकांना दुसरेच काही आठवते. त्या तेरणेच्या काठी तेर नावाचे गाव आहे. तेच जुने तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासपुस्तकात त्याचे नाव आहे. येथून गाड्यांवर लादलेले कापड भडोचच्या बंदरात जाई. आणि हेच तेर संत गोरोबाकाकांचे. कुंभार. कोणते मडके भाजले आणि कोणते कच्चे हे थापटणीने पारखणारे. मातीची घागर लिहिताना नागपूरच्या कवीच्या मनात गोरोबाकाका होते असे मी मुळीच म्हणत नाही. पण आमच्या जिल्ह्यातला माणूस ते ऐकताना त्यांना आठवल्याशिवाय राहात नाही, याला कवीचाही इलाज नाही.

शिवाय एक गोष्ट मात्र निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. राजा बढे यांनी हालाच्या ‘गाथासप्तशती’चे मराठीत काव्यरूपांतर केले आहे, ‘शेफालिका’ या नावाने. ती सातशे गाथांची पोथी महाराष्ट्री प्राकृतातली, म्हणजे आपल्या भाषेच्या पणजीची. हाल हा सातवाहन राजा, त्यांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आमचे पैठण, गोदाकाठचे. त्या गाथांत नदीच्या काठावरची खेडी आहेत, शेतकऱ्यांच्या लेकीसुना आहेत, प्रवासाला निघालेले नवरे आहेत. राज्याचे गाणे लिहिणारा कवी मराठवाड्याच्या गोदाकाठी मनाने किती वर्षे वस्तीला होता, हे ‘शेफालिका’ वाचल्यावर कळते. माझे उत्तर मला येथे मिळाले. तिघांपैकी मराठवाड्याचा कोणी नव्हता हे खरे, पण त्यांच्यातल्या एकाने आमचे दोन हजार वर्षांपूर्वीचे पाणी पिऊन लेखणी उचलली होती.

गाणे एकदा तबकडीवर आले म्हणजे ते गाणाऱ्याचे राहात नाही. मराठी माणसाला याचे नवल नाही. बालगंधर्वांची पदे गावोगावच्या मेळ्यांतली पोरे म्हणत आणि एका अभंगाला जितके कीर्तनकार तितक्या चाली. या गाण्याचेही तसेच झाले. शाळांच्या संमेलनात बायांनी ते समूहगीत केले, तेव्हा शाहिराची वरची पट्टी चार पायऱ्या खाली आली. लेझीमवाल्यांनी त्याची लय वाढविली. लग्नाच्या बँडवाल्यांनी शब्द टाकून दिले आणि चाल पितळी वाद्यांत घातली. वरातीत घोडा त्या चालीवर नाचताना मी पाहिला आहे, आणि भीमथडीच्या तट्टांचा याहून प्रत्यक्ष सन्मान झाल्याचे ऐकिवात नाही. वाद्यवृंदवाल्यांनी कार्यक्रमाचा शेवट त्याने करण्याची प्रथा पाडली. मग कॅसेटी आल्या. १९५७ च्या लेखाधिकाराच्या कायद्यात अशी सोय होती, की मूळ ध्वनिमुद्रण निघाल्यावर दोन वर्षे गेली की ठरलेले मानधन भरून तेच गाणे दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेता येई. ‘व्हर्जन’ म्हणत त्याला. १९८० नंतर या सोयीवर कॅसेट कंपन्यांनी मोठमोठे कारखाने उभारले, आणि स्वस्तातल्या व्हर्जनांनी मूळ गायकांची झोप उडविली. २०१२ साली ती मुदत पाच वर्षांची झाली. हिशेबाने पाहिले तर १९६० ची ती तबकडी, केवळ ध्वनिमुद्रण म्हणून, २०२० अखेर साठ वर्षे पुरी करून कायद्याच्या कुंपणाबाहेर आली. शब्द आणि चाल मात्र अजून त्यांच्या वारसांच्या आहेत.

दुसऱ्याचे गाणे दुसऱ्याने कसे म्हणावे, हा प्रश्न राज्याच्या किंवा देशाच्या गाण्याबाबत फार नाजूक होतो. बाहेरच्या जगातले दोन दाखले येथे सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि त्यांपैकी एकाचा संबंध तर आमच्या गावच्या धंद्याशी आहे.

फ्रान्सचे राष्ट्रगीत १७९२ च्या एप्रिलमध्ये रुजे द लील नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने स्ट्रासबूर शहरात एका रात्रीत रचले. ते त्याने ऱ्हाइन नदीवरच्या फौजेसाठी केले होते. पण मार्सेय शहरातले स्वयंसैनिक ते म्हणत पॅरिसला पोचले, आणि गाण्याला नाव पडले ते लिहिणाऱ्याचे नव्हे, म्हणणाऱ्यांचे: ‘मार्सेयेज’. १९७९ साली सर्ज गेन्सबूर या गायकाने त्याला जमेकातल्या रेगे तालाचा पोशाख चढविला. झाले! पुढच्या वर्षी तो स्ट्रासबूरला कार्यक्रमासाठी गेला तेव्हा हवाई छत्रीदलाचे संतप्त जुने सैनिक सभागृहात येऊन बसले. गेन्सबूरने वादक बाजूला ठेवले आणि एकट्याने, मूठ उगारून, मूळ चालीत ते गीत म्हटले. सैनिकांना उठून उभे राहावे लागले. गाण्याने दोन्ही बाजूंची अब्रू राखली.

दुसरी गोष्ट बाणांची. आपल्याकडे लढाईत बाण वापरीत, धनुष्याचे नव्हेत, दारूचे. मराठी कागदपत्रांत बाणांच्या कैच्यांचे उल्लेख येतात. म्हैसूरच्या हैदर आणि टिपूने लोखंडी नळीचे बाण करून इंग्रजांना बेजार केले. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडल्यावर ते बाण विलायतेला गेले, काँग्रीव्ह नावाच्या गृहस्थाने त्यांचा अभ्यास करून इंग्रजी बाण तयार केले, आणि १८१४ च्या सप्टेंबरात तेच बाण इंग्रज आरमाराने अमेरिकेत बाल्टिमोरच्या किल्ल्यावर सोडले. फ्रान्सिस स्कॉट की नावाचा वकील ते रात्रभर पाहात होता. सकाळी किल्ल्यावर अमेरिकेचे निशाण अजून फडकत असलेले पाहून त्याने कविता लिहिली, तीत त्या बाणांचा लाल उजेड आला आहे. तिला चाल लागली ती लंडनच्या एका हौशी मंडळाच्या, मद्यदेवाची थोरवी सांगणाऱ्या गाण्याची! आणि सरकारने ते राष्ट्रगीत म्हणून स्वीकारले १९३१ साली, म्हणजे ११७ वर्षांनी. पुढे १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी, न्यूयॉर्क राज्यातल्या एका शेतावर भरलेल्या वुडस्टॉकच्या रॉक संगीताच्या जत्रेत, जिमी हेन्ड्रिक्स या निग्रो गिटारवादकाने तेच गीत शब्दांवाचून विजेच्या गिटारीवर वाजविले. बाणांच्या जागी गिटारीतून बाण सुटले, बॉम्ब फुटले, किंकाळ्या उठल्या. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. कुणाला तो अपमान वाटला, कुणाला ती प्रार्थना वाटली. मी ती ध्वनिफीत ऐकली आहे. तेरखेड्याच्या माणसाला त्या आवाजात परकेपणा वाटत नाही एवढेच सांगतो.

आपल्या गाण्यावर असा प्रसंग आला नाही. आपण त्याला फार सभ्यपणे वागविले, किंबहुना जरा जास्तच. पुष्कळ नव्या आवृत्त्यांत मागे तुताऱ्या, व्हायोलिनांचा ताफा आणि शंभर जणांचा कोरस असतो, पण एकट्या माणसाची छाती नसते. साबळ्यांच्या मागे थोडीच वाद्ये आणि थोडेच साथीदार होते. राज्य मात्र त्यांनी सबंध उभे केले. ही माझी आवड झाली. तरुणांना ताफा आवडत असेल तर ते त्यांचे गाणे आहे, त्यांनी तसे म्हणावे.

साबळे पुढे ‘आंधळं दळतंय’ या लोकनाट्याने मुंबईत गाजले, ‘महाराष्ट्राची लोकधारा’ या कार्यक्रमात त्यांनी वासुदेव, गोंधळी, कोळी सगळे रंगमंचावर आणले, १९९८ साली पद्मश्री झाले. खळ्यांना २०१० मध्ये पद्मभूषण मिळाले. बढे १९७७ साली गेले, खळे २०११ ला, साबळे २०१५ ला. त्यानंतर, ३१ जानेवारी २०२३ रोजी मंत्रिमंडळाने या गाण्याला राज्यगीत म्हणून मान्यता दिली आणि १९ फेब्रुवारीपासून, शिवजयंतीच्या मुहूर्तावर, ते राज्यगीत झाले. तिघांपैकी एकही ते पाहावयास उरला नव्हता. त्याच वर्षी एप्रिलअखेर शाहिरांचे नातू केदार शिंदे यांनी आजोबांवरचा ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट प्रदर्शित केला.

राज्यगीतासाठी मूळ गाण्यातले दोनच चरण घेतले आहेत आणि एक मिनिट एकेचाळीस सेकंदांत ते पुरे होते. ज्या शाहिराने रात्रभराचा पोवाडा तीन मिनिटांत आणला, त्याचे तीन मिनिटांचे गाणे आता एवढ्यात बसले. सगळे कडव्यांसकट ऐकावयाचे तर अजूनही त्या तबकडीकडेच जावे लागते. हे गीत चालू असताना सावधान उभे राहावे असा नियम आहे. लहान मुले, आजारी माणसे आणि वृद्ध यांना त्यातून सूट आहे. मी त्या सवलतीत बसतो. पण लिंबाच्या झाडावरून आलेले गाणे मी तेव्हाही उभ्यानेच ऐकले होते, तेव्हा बसवत नाही.

तर दुकानातल्या पोराकडे वळतो. मी त्याला म्हटले, “सरकारनं नाही रे बाबा. तीन माणसांनी.” त्याच्या मोबाइलवर साबळ्यांचे जुने ध्वनिमुद्रण शोधून काढावयाला त्यालाच सांगितले, ते काही मला जमत नाही. ते मिळाले. मधून मधून खरखर येत होती.

“ह्यो आवाज कुनाचा?”

“शाहीर साबळे.”

“ह्ये आमच्या गाण्यापेक्षा लांब हाय,” तो म्हणाला, आणि नद्यांची नावे आली तेव्हा त्याने कान टवकारले. “आजोबा, ह्यात तेरणा न्हाई?”

मी म्हटले, “आहे. गोदावरीत आहे.”

त्याला ते तितकेसे पटले नाही. बापाने बाणांचे पुडके वर्तमानपत्रात बांधून दिले. मी तिन्ही नावे त्या कागदाच्या कोपऱ्यावर लिहिली, कोपरा फाडून पोराच्या हाती दिला, आणि पैसे मोजू लागलो.